डाळीला आधी कळलं

मार्च निम्मा उलटला की आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर ताडगोळेवाला येऊन बसतो. कडुलिंबाची बारीक पांढरी फुलं उभ्या केलेल्या स्कूटरींच्या सीटवर सांडतात आणि ती झटकता झटकता हाताला एक कडसर वास लागून राहतो. समुद्राचं वारं दुपार कलल्याशिवाय इकडे फिरकत नाही. तोवर रस्त्यावरून पाण्याचे टँकर जातात, मागे ओली रेघ सोडत, आणि ती रेघ आपल्या डोळ्यांदेखत वाळून जाते. या सगळ्यात समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक आवाज सकाळपासून चालू असतो. स्पायरल बाइंडिंगच्या यंत्राचा, खटक, खटक. लोक याला उन्हाळा म्हणतात. चेन्नईत उन्हाळा बारा महिने कमीअधिक असतोच, त्यामुळे त्याचं मला काही कौतुक नाही. मी या दिवसांना प्रोजेक्टचे दिवस म्हणते.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी रेल्वेत, म्हणून इकडे आले आणि इथलीच झाले. शोळिंगनल्लूरजवळच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवते. मुलं मला ‘मराठी मॅम’ म्हणतात, कारण माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एक प्रकल्प करावा लागतो, त्याचा इंग्रजीत अहवाल लिहावा लागतो, आणि तो अहवाल आधी संगणकातून गाळून जातो. तुमची किती वाक्यं दुसऱ्या कुणाच्या वाक्यांशी जुळतात ते संगणक मोजतो आणि जुळलेल्या ओळी रंगवून परत देतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रंग दिसला की अहवाल बाद, आणि पुढची संधी थेट नोव्हेंबरात. मार्चमध्ये आमच्या कॉरिडॉरमध्ये जी मुलं भिंतीला टेकून गप्प उभी दिसतात, ती प्रेमभंग झालेली नसतात. त्यांचा रंगीत अहवाल आलेला असतो.

या वर्षीही ती उभी आहेत. त्यांच्यासमोरून जाताना मला दर खेपेला एकच मुलगी आठवते. आर. यशोदा बाई.

यशोदा तंजावरी मराठी. पिढ्यान्‌पिढ्या या मुलुखात राहिलेलं घराणं, घरात मराठी बोलणारं पण देवनागरी न वाचणारं. आडनावाच्या जागी बायकांना ‘बाई’, पुरुषांना ‘राव’. पहिल्या दिवशी हजेरीत मी तिचं नाव घेतलं तेव्हा तिने हळूच विचारलं, “तुम्ही मराठी काय, मॅम?” मी हो म्हटल्यावर तिच्या तोंडून जी मराठी आली ती ऐकून मी खुर्चीत सावरून बसले. बखरीतून एखादं माणूस उठून आलंय आणि त्याला तमिळ हेल लागलाय असं काहीतरी ते होतं. ‘बहुत’, ‘मजला’, ‘तुम्हांस’. आणि कुठलीही गोष्ट सोडून द्यायची असली की ‘होंदे’, म्हणजे असू दे. मला ती मराठी फार आवडायची. तिला मात्र तिची लाज वाटायची, कारण माझी मराठी ‘पुस्तकातली’ आणि तिची ‘घरातली’. हा फरक तिने मनात पक्का केला होता, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच होतं हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

तिने विषय घेतला होता आपल्याच भागातल्या भूजलाचा. आयटीच्या इमारती वाढल्या, बोअरवेल खोल गेल्या, समुद्राचं खारं पाणी आत सरकलं. विषय उत्तम. अहवालाचा पहिला कच्चा खर्डा आला तोही गुळगुळीत होता. मी वाचत वाचत आभाराच्या पानावर आले. तिथे विभागप्रमुखांचे, आईवडिलांचे आणि ‘माझा भाऊ सेंदिल याने केलेल्या टायपिंगबद्दल’ त्याचे मनःपूर्वक आभार होते.

मी सहज विचारलं, “सेंदिल काय करतो गं?”

“कोण सेंदिल, मॅम?”

“तुझा भाऊ.”

“मजला भाऊ नाही, मॅम. बहीण आहे.”

मग मी कपाटातून मागच्या वर्षांचे अहवाल काढले. सेंदिल सगळीकडे होता. मुलाच्या अहवालात, मुलीच्या अहवालात, एकुलत्या एकाच्या अहवालात. कुणा एका जुन्या विद्यार्थ्याच्या खऱ्याखुऱ्या भावाने कधीतरी खरंखुरं टायपिंग केलं होतं, आणि तेव्हापासून तो बिचारा आमच्या विभागाचा सामाईक भाऊ झाला होता. मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतले सहकारी डोकावून गेले. यशोदाही हसली आणि मग एकदम रडायला लागली.

आमच्या कॉलेजात एक पद्धत आहे. वरच्या वर्गातली ‘अक्का’ निरोप समारंभाच्या दिवशी आपला अहवाल खालच्या वर्गातल्या मुलीच्या हातात देते. वर कुंकवाचं बोट, कधी मोगऱ्याचा गजरा. घेणारी वाकून घेते. तो अहवाल मग आपल्या अहवालात उतरवायचा. यात लबाडी आहे असं त्या मुलींच्या स्वप्नातही येत नाही. अक्काने प्रेमाने दिलेली वस्तू वापरली नाही तर तो अक्काचा अपमान. यशोदेच्या डोळ्यातलं पाणी पकडली गेल्याचं नव्हतं. आपण नीट केलेलं काम बाईंना चोरी वाटावी याचं ते होतं.

आणि तिच्यासाठी तो खेळ नव्हता. ओरगडमच्या गाड्यांच्या एका कारखान्यात, सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात, तिला नोकरी मिळालेली होती. जूनमध्ये निकाल दाखवून रुजू व्हायचं. नोव्हेंबरपर्यंत जागा कोण राखून ठेवणार? वडील एका बँकेत कारकून, निवृत्तीला आलेले. ही नोकरी यशोदेला हवीच होती, आणि आपल्यातली पहिली गणवेशातली मुलगी म्हणून आख्ख्या गल्लीला हवी होती.

“परत लिही,” मी म्हटलं.

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “मॅम, अक्कानं पुस्तकांतनं घेतलंय ते किती नीट लिवलंय. तेच मी माझ्या इंग्लिशमध्ये लिवलं तर खराब होईल. चांगलं असलेलं काय म्हणून खराब करायचं?”

मी वर्षानुवर्षं वर्गात नक्कल करू नका म्हणून घसा कोरडा करत आले आहे. मुलं आळशी आहेत, मुलांना सोपं हवं, असं आम्ही शिक्षक चहाच्या वेळी एकमेकांना सांगतो आणि आमचं समाधान होतं. पण मुलं आळसाने उचलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भीतीने उचलतात. आपलं वाक्य छापण्याच्या लायकीचं नाही, ते दुसऱ्या कुणाचं असायला हवं, निदान परदेशातल्या कुणाचं तरी, ही त्यांची पक्की समजूत असते. ती त्यांना कुणी शिकवली? आपणच शिकवली. लहानपणापासून उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं की पूर्ण गुण दिले आणि स्वतःच्या शब्दांत आलं की लाल पेन उचललं. मग पदवीच्या शेवटच्या वर्षी आपण त्याच मुलांना विचारतो, तुझं स्वतःचं काय?

झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, जिन्याने गेलं की, एक माणूस तेव्हा संगणक घेऊन बसायचा. अहवालातला रंग कमी करून देणं हा त्याचा धंदा. तो प्रत्येक शब्द काढून त्याजागी कोशातला दुसरा बसवायचा. त्याच्या हातून, मराठीत सांगायचं तर, ‘खारं पाणी’ हे ‘मीठयुक्त द्रव’ होऊन आलं आणि ‘समुद्रकिनारा’ हा ‘महासागराचा काठभाग’. संगणक फसायचा आणि अहवाल बिनरंगाचा यायचा. यशोदेच्या वर्गातली निम्मी मुलं तो जिना चढून आली. तिची जिवाभावाची मैत्रीण तिला न्यायला आली होती. यशोदा जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि परत फिरली. हे तिनेच मला मागाहून सांगितलं. का परतलीस विचारलं तर म्हणाली, “तो माणूस पाणी कधी चाखला नाही, मॅम. त्याला काय ठाव?”

मग आमचं काम सुरू झालं. दुपारी जेवणानंतर ती माझ्या खोलीत यायची. पद्धत साधी होती. आधी वाच. मग पुस्तक मिट. आता मला सांग. इंग्रजी नको, तुझ्या घरच्या मराठीत सांग. सांगून झालं की ते इंग्रजीत लिही. मग पुस्तक उघड आणि बघ, आकडा चुकला का, अर्थ बदलला का. जी गोष्ट त्या लेखकाकडून कळली तिथे त्याचं नाव घाल. त्याचं वाक्य इतकं सुंदर असेल की मोडवत नाही, तर जसंच्या तसं घे, दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हांचं कुंपण घाल आणि शेजारी मालकाची पाटी लाव.

नाव घालण्यावर ती अडली. “इतकी नावं घातलीं तर माझं काय राहिलं, मॅम?”

मी तिला विचारलं, “तुमच्या घरी सांबाराचा मसाला कुणाच्या पद्धतीने करतात?”

“पेरियम्माच्या,” ती चटकन म्हणाली. मोठ्या मावशीच्या. आणि लगेच पुढे, “पण आई त्यात धने जास्ती घालते.”

“बघ. नाव मावशीचं घेतलंस आणि धने आईचे ठेवलेस. कुणाचं काही कमी झालं का?”

सांबार मुळात आमच्याच लोकांनी केलं असा तंजावरी मराठ्यांचा ठाम दावा आहे, त्यामुळे हे उदाहरण तिच्या काळजाला भिडलं. आपल्याकडे स्वयंपाकघरात ही शिस्त फार जुनी आहे. ही अमक्या काकूंची आमटी, हे तमक्या वन्संचं लोणचं. नाव घेतल्याशिवाय पदार्थ वाढायचा नाही, आणि नाव घेतल्याने वाढणारीचा मान उणा होत नाही. संशोधनाची सगळी थोर तत्त्वं मला तिथे सापडतात. फक्त आमच्या पाठ्यपुस्तकात ती फार कंटाळवाण्या भाषेत लिहिली आहेत.

त्या दिवसांतच पाडवा आला. मी कडुलिंबाची फुलं आणि गूळ यांची गोळी डब्यातून नेली. यशोदेने ती तोंडात टाकली आणि म्हणाली, त्यांच्याकडे हीच फुलं तुपात परतून तमिळ नववर्षाच्या दिवशी पचडीत घालतात. आम्ही दोघी थोडा वेळ ते कडू चघळत बसलो. बाहेर टँकर गेला. मग ती सहज, काही वाचलेलं नसताना, तिच्या गल्लीतली गोष्ट सांगायला लागली. आईची तूरडाळ एकाएकी शिजेनाशी झाली. आईने वाण्याला बोल लावले, दुकान बदललं, कुकर बदलला, डाळ भिजत घातली. तरी डाळ दगड. एकदा मावशीकडे तीच डाळ टँकरच्या पाण्यात टाकली तर लोण्यासारखी गळली. तेव्हा कळलं की डाळ ठीक आहे, बोअरवेलचं पाणी फिरलंय. यशोदेने नंतर त्या पाण्याची तपासणी केली ती त्यामुळे. कॉलेजच्या प्रयोगशाळेने क्षार वाढल्याचं सांगितलं ते खूप मागाहून.

“हे लिही,” मी म्हटलं.

“हे?” ती म्हणाली. “हे तर घरातलं आहे. होंदे, मॅम.”

“लिही.”

तिने लिहिलं. तिसऱ्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य. मूळ इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत देते: ‘आमच्या गल्लीतलं पाणी बिघडलं हे प्रयोगशाळेच्या आधी डाळीला कळलं.’ पुढे रीतसर तक्ते, आकडे, नकाशे. पण त्या एका वाक्यापाशी मी थांबले आणि मला माझ्या सबंध नोकरीचा पगार मिळाल्यासारखं वाटलं.

अहवाल संगणकातून गेला. रंग अगदी थोडा, तोही अवतरण चिन्हांच्या आतला. आभाराच्या पानावर बहिणीचं नाव होतं. मला वाटलं, सुटलो.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या ऐन उकाड्यात होती. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक ज्येष्ठ, चष्म्यावरून बघणारे, कुणावर सहसा विश्वास न टाकणारे. सकाळपासून त्यांनी ‘मीठयुक्त द्रव’ वाचले होते, त्यामुळे चिडलेलेही. मार्गदर्शक म्हणून मी बाजूच्या खुर्चीत. मध्ये बोलायला मला बंदी. यशोदा इस्त्रीच्या सलवार कमीझमध्ये, केसांत मोगरा माळून समोर उभी.

त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं. ते वाक्य वाचलं. परत वाचलं. अहवाल टेबलावर ठेवून म्हणाले, “हे तुझं नाही.”

सगळ्या अहवालात निखळ तिचं असं जे वाक्य होतं, नेमकं त्याच्यावर बोट पडलं होतं. इतकं चांगलं आहे म्हणजे चोरलेलंच असणार, हा निकाल आम्ही शिक्षक किती सहज देतो! परीक्षकांनी तिथे नकलेचा शेरा मारला असता तर नोव्हेंबर ठरलेला होता आणि ओरगडम गेलेलं.

“कुठून घेतलंस ते सांग,” ते म्हणाले. “नाव घातलं असतंस तर माझी हरकत नव्हती.”

“घरातून, सर.”

“घर म्हणजे कुठली वेबसाइट?”

“शोळिंगनल्लूर, सर. पाण्याच्या टाकीमागची गल्ली.”

विभागप्रमुखांनी खोकल्याचं निमित्त करून हसू लपवलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी अहवाल मिटला, स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाले, “बरं. हे मिटलं. आता सांग.”

माझेच शब्द. मी कधी त्यांना भेटले नव्हते, पण ज्याला खरं शोधायचंय तो बहुतेक याच वाटेने जात असावा. यशोदेने एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि तिने सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली, वाण्याच्या भांडणापाशी तमिळमध्ये घसरली. परीक्षकांनी मुद्दाम दुसऱ्या टोकाकडून विचारलं, पाण्याचाच दोष कशावरून? तिने मावशीच्या घरापासून उलटं सांगितलं, आणि या वेळी त्यात माझ्याही कानावर न आलेली एक गोष्ट आली. चहाही काळा पडायचा आणि आईने चहापत्तीला शिव्या घातल्या होत्या. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं आलं. दरवेळी गोष्ट तीच, शब्द नवे. उचललेलं वाक्य माणसाला फक्त एकाच तऱ्हेने म्हणता येतं, एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. हिचं कुठेच अडत नव्हतं. खोलीत ती एकटी बोलत होती आणि आम्ही तिघं प्राध्यापक डाळ शिजण्याची वाट बघत होतो.

“मग आता काय करता?” परीक्षकांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“टँकरचं पाणी आम्ही वेगळ्या कुडममध्ये भरतो, सर. हिरवा कुडम. गल्लीत सगळ्यांच्या घरी आता हिरवा कुडम डाळीचा.” कुडम म्हणजे प्लास्टिकची घागर.

“हे का नाही लिहिलंस?”

“लिहिण्यासारखं आहे असं वाटलं नाही, सर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “परिशिष्टात घाल,” म्हणाले. “आणि खाली स्वतःचं निरीक्षण असं लिही. स्वतःचं.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, म्हणाले, “आज सकाळपासून मी वाचलेलं हे पहिलं वाक्य.” मी पदराने कपाळ पुसलं. घाम होता म्हणायला सोय होती. पण खरं सांगायचं तर अभिमानाने मला रडू येत होतं, आणि ते मला लपवायचंही नव्हतं.

जूनमध्ये यशोदा ओरगडमला रुजू झाली. गणवेशातला फोटो तिच्या आईने पाठवला. निकालानंतर ती मला मॅमऐवजी अक्का म्हणायला लागली.

आता काळ पुढे गेलाय. जिन्यावरचा तो माणूस धंदा बंद करून गेला, कारण त्याची गरज उरली नाही. आता मुलं फोनला सांगतात आणि फोन आख्खा अहवाल लिहून देतो. एकाही ओळीला रंग लागत नाही. या फेब्रुवारीत शरण्या नावाच्या विद्यार्थिनीने असाच अहवाल आणला, पुरातल्या आणि उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल. स्वच्छ, घडी न मोडलेला, आणि त्यात कुणीच राहत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे तो मिटला आणि म्हटलं, सांग. ती दोन वाक्यांत संपली. मी रागावले नाही. कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, आधी दुसऱ्यांनी कसं पाहिलंय ते वाच, मग घरी जा आणि तुझं पाणी बघ.

परवा तिचा नवा खर्डा आला. खाडाखोड, व्याकरणाच्या चुका, आणि पानोपानी माणसं. दुसऱ्या प्रकरणात मध्येच एक ओळ अवतरण चिन्हांत होती. आमच्या गल्लीतलं पाणी बिघडलं हे प्रयोगशाळेच्या आधी डाळीला कळलं. पुढे कंसात नाव आणि वर्ष. मी घाईने शेवटची संदर्भसूची उघडली. मोठमोठ्या संस्था, परदेशी प्राध्यापक, सरकारी अहवाल, आणि सगळ्यांत खाली, आद्याक्षराने मिळालेल्या जागेवर, यशोदा बाई, आर.

मी तिथल्या तिथे फोन लावला. मागे कारखान्याचा घरघराट होता. “यशोदा,” मी म्हटलं, “एका मुलीने तुझं वाक्य घेतलंय.”

पलीकडून तिचा आवाज आला, अगदी माझ्या खोलीत दुपारी यायचा तसा.

“कोटेशन मार्क घातलीं काय तिनं, अक्का?”

“घातली. दोन्ही बाजूंना. आणि तुझं नावही.”

“मग घेऊं दे,” यशोदा म्हणाली. “वाक्य माझंच आहे.”